घरातलं गावकूस

सवर्णाने आपल्या वस्तीतल्या बाईवर हात टाकला की काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्री बाराला फोन फिरतात. जीप भरते. ठाण्यासमोर ठिय्या बसतो. ठाणे अंमलदार फिर्याद घ्यायला आढेवेढे घ्यायला लागला तर त्याला कलम म्हणून दाखवणारं एक तरी पोरगं आपल्यात निघतंच. १९८९ चा कायदा, २०१५ ची दुरुस्ती, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, जातीचा दाखला कधी जोडायचा, मेडिकलचा कागद कुणाकडून घ्यायचा, पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा, सगळं तोंडपाठ. चळवळीने आपल्याला दुसरं काही दिलं नसेल, पण ठाण्याच्या पायरीची भीती तिने मोडून दिली.

आता त्याच वस्तीत, त्याच बाईला, तिच्या नवऱ्याने चुलीतल्या लाकडाने फोडली. नवरा आपलाच. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं नाचणारा, कदाचित शाखेच्या बोर्डावर नाव असलेला. मग जीप कुठाय? कलम पाठ असलेलं पोरगं कुठं गेलं? 'घरगुती मामला हाय, सकाळी विहारात बसून मिटवू.' सकाळी बसतात. मिटवतात. बाईला सांगतात, लेकरांकडं बघ. नवऱ्याला सांगतात, जरा दमानं घेत जा. चहा होतो. बाई परत त्याच चुलीपुढं.

म्हणजे बाई तीच, डोक्यातली खोक तीच. मारणाऱ्याची जात बदलली की आपली क्रांती झोपायला जाते. गावाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं म्हणून आपण टाहो फोडतो, आणि फोडलाच पाहिजे. पण आपण आपल्या घरात जे कूस उभं केलंय त्याच्या बाहेर कोण बसलीय, हे बघायची वेळ आली की आपल्या माना खाली जातात.

हे मी हवेत बोलत नाही. धाराशिव जिल्ह्यात नवऱ्याचा, सासरचा मार खाल्लेल्या बायांबरोबर काम करणारी एक लहानशी संस्था आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं येणाऱ्या बायांच्या नवऱ्यांनाही वाचता येतं. तिथं मी आठवड्यातला एक दिवस फुकट राबायला जातो. लोक त्याला स्वयंसेवा म्हणतात. शब्द मला आवडत नाही, त्याला खादीचा वास येतो. राबणं म्हणू. माझं म्हणणं एवढंच की अत्याचाराच्या केसेसमधून आपण जी विद्या कमावली, ठाण्याची, कोर्टाची, कागदाची, ती या बायांचं आपल्याकडे असलेलं देणं आहे. ते फेडायला आपल्या पोरांनी तिथं गेलं पाहिजे. पुढारी म्हणून नाही. हमाल म्हणून.

बेंबळीचं उदाहरण घ्या. धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. गावात पोलीस ठाणं आहे, म्हणजे भोवतालच्या खेड्यांच्या मानाने नशीबवानच. आता समजा, बेंबळीच्या शिवारात मजुरीला जाणारी एक बाई आहे आणि तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वापरायचाय. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. कागदावर चांगला कायदा. घर कुणाच्या का नावावर असेना, कायद्याची वाट सोडून तिला तिथून हुसकून लावता येत नाही. मारू नको असा आदेश, राहण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, लेकरांचा ताबा, सगळं एकाच अर्जात मागता येतं. साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लावायची आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करायचा, असं कायदाच म्हणतो. वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला तो हक्क आहे, अनुसूचित जातीच्या माणसाला वेगळा आहे, म्हणजे आपली बाई दोन्हीकडून हक्कदार.

एवढं सगळं आहे. पण आहे कुठं? संरक्षण अधिकारी धाराशिवला. मॅजिस्ट्रेटचं कोर्ट धाराशिवला. विधी सेवेचं ऑफिस धाराशिवला. सरकारने २०१५ पासून काढलेलं सखी केंद्र, जिथं बाईला पाच दिवसांपर्यंत आसरा मिळतो, तेही जिल्ह्याच्या गावाला. म्हणजे बेंबळीच्या बाईचा न्याय एसटीत बसून जातो. २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट झालं, ठीक. रोजगार मात्र पुराच बुडतो. लेकरू कडेवर. आधारकार्ड, रेशनकार्ड, लग्नाचा एखादा फोटो नवऱ्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. पहिल्या फेरीला साहेब मिटिंगला गेलेले. दुसऱ्या फेरीला एक झेरॉक्स कमी. तिसऱ्या फेरीला समोरच्याला नोटीसच पोचली नाही म्हणून पुढची तारीख. तिसऱ्या फेरीला बाईच्या पिशवीतले पैसे संपतात. चौथ्या फेरीच्या आदल्या दिवशी सासू येते, 'चल गं घरला, लोक काय म्हणतील.' ती जाते. मग सगळे शहाणे एका सुरात: बायाच केस मागं घेतात, खोट्याच असतात.

चौथी फेरी. मित्रांनो, आपलं काम ती चौथी फेरी आहे. त्यात कविता नाही, घोषणा नाही. ज्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली तिथून दाखल्याची नक्कल आणायची. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं. ती वकिलाशी बोलत असताना लेकराला कोर्टाच्या आवारात फिरवायचं, त्याला बिस्कीट द्यायचं. पुढची तारीख आपल्या वहीत लिहायची, कारण तिचा फोन नवऱ्याने फोडलेला असतो. दवाखान्यात तिच्याबरोबर गेलेल्या बाईमागं उभं राहायचं आणि कागदावर 'पडल्यामुळे जखम' लिहिलं जातंय की 'नवऱ्याने मारल्याचे सांगते' लिहिलं जातंय ते बघायचं. त्या दोन शब्दांवर पुढची दोन वर्षं उभी असतात. ठाण्यात अदखलपात्र नोंद करून चिटोरी हातात देतात आणि बाईला वाटतं केस झाली. केस झालेली नसते. हे तिला तिथंच सांगणारा माणूस लागतो. तो माणूस आपण होऊ शकतो, कारण ही चिटोरी आपण ओळखतो. आपल्यालाही ती कितीदा मिळाली!

आणखी एक कलम पाठ करून ठेवा, चौथं. हिंसा झालीय, होतेय किंवा होईल असं ज्याला सकारण वाटतं तो कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. म्हणजे 'आम्ही कोण मधे पडणारे' ही पळवाट कायद्याने केव्हाच बुजवलीय.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. आपल्याला भाषणाची सवय. बाई अजून पदर सारखा करत असते तोवर आपण तिला मनुस्मृती सांगायला लागतो. गप्प बसायचं. तिथं बोलायचं काम बायांचं आहे, वर्षानुवर्षं ऐकून ज्यांचे कान तयार झालेत त्या बायांचं. त्या सांगतील ते उचलायचं, ठेवायचं. दुसरी सवय, चार पोरं जमवून नवऱ्याला धुवून काढायची. मोठं शौर्य वाटतं. धुतलेला नवरा रात्री दहाला घरी जातो आणि त्याचा हिशोब तिच्याच पाठीवर चुकता करतो. तेव्हा आपण कुठं असतो? तिचा पत्ता, ती कुठं लपलीय ते, आपल्या जिवलग दोस्तालाही सांगायचं नाही, कारण दोस्ताचा मावसभाऊ तिच्या सासरचा निघतो, आपली वस्ती केवढीशी. फोटो काढायचा नाही. आणि ती परत नांदायला जाते म्हणाली तर तोंड वाकडं करायचं नाही. तिच्या लेकरांचं, पोटाचं, रात्रीचं गणित तिला आपल्यापेक्षा बरं येतं. जाताना तिच्याजवळ १८१ आणि ११२ हे दोन नंबर आणि संस्थेतल्या एका बाईचा नंबर पाठ असला म्हणजे झालं. ती तिसऱ्यांदा परत आली तर तिसऱ्यांदा दार उघडायचं.

या जिल्ह्यातलं आणखी एक गणित शहरातल्या पोरांना माहीत नसतं. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला जातात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतो नवरा, मुकादमाकडून, हंगामाच्या आधी. फेडते जोडी. ऊस तो तोडतो, मोळ्या ती बांधते, डोक्यावर ट्रकपर्यंत ती नेते, पहाटे भाकरी ती थापते, कोपीत लेकरू ती निजवते. हिशोबाच्या वहीत मात्र नाव त्याचं. आता ही बाई मार खाऊन उठली आणि म्हणाली, मी चालले. कुठं चालली? ती गेली की कोयता मोडला. अर्ध्या कोयत्याला मुकादम ठेवत नाही. उचल अंगावर, खाडा अंगावर. मग तिला परत आणायला नवऱ्याआधी मुकादम जातो. सासू आणि मुकादम एकाच जीपमधून तिच्या माहेरी उतरतात! याला घरगुती मामला म्हणायचं? हा कारखानदारीचा मामला आहे. तिच्या पाठीवरचा वळ नवऱ्याच्या हाताचा असेल, पण तिला त्या हाताखाली बांधून ठेवणारी दोरी उचलीची आहे. आपले मार्क्सवादी दोस्त ऊसदरावर अंक काढतात. या दोरीवर एक पान लिहा म्हणावं.

याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. निजामाचा मुलूख. वतन म्हणजे काय होतं? गावाची कामं पिढ्यान्‌पिढ्या करायची, हिशोब विचारायचा नाही, नाही म्हणायचं नाही. ते जोखड आपण फेकलं म्हणून आज आपण माणसात आहोत. मग लग्न हे बाईचं वतन असावं असं कुठल्या तोंडाने म्हणता? १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लग्न केलेल्या मुलीने नवऱ्यासमोर उभं राहावं, त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून. गुलाम म्हणून राहायला नकार द्यावा. १९५१ ला हिंदू कोड बिल अडकलं तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं; राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठं कारण. दारू पिणार नाही ही बावीस प्रतिज्ञांतली एक. हे सगळं आपल्याला माहीत आहे. १४ एप्रिलला आपण ते माइकवर सांगतो. माइकचा आवाज मोठा असतो, त्यात शेजारच्या खोलीतली किंकाळी ऐकू येत नाही.

आता तुमचा खरा आक्षेप. तो तोंडावर कुणी बोलत नाही, पण मला माहीत आहे. 'हे बाहेर काढलं तर सवर्ण हसतील. म्हणतील, बघा, दलित बायकांना मारतात.' हसू देत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायांतली साधारण दर चौथी बाई नवऱ्याची हिंसा भोगलेली निघाली. दर चौथी! त्यात वाडे आले, बंगले आले, फ्लॅट आले. फरक एवढाच की आपल्या दोन खोल्यांमधे पत्रा आहे आणि त्यांच्याकडे नऊ इंची भिंत. आपलं ऐकू येतं. देशभराचा आकडा याहून वाईट: मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायांपैकी शंभरातल्या चौदाजणींनीच कुठं तरी मदत मागितली, सत्याहत्तरजणींनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

गप्प बसण्याची किंमत बघायची असेल तर बेबीताई कांबळेंकडे बघा. 'जिणं आमुचं' मध्ये त्यांनी महारवाड्यातल्या सुनांचे हाल लिहिले, मार लिहिला, नाकं कापलेली लिहिली. स्वतःच्या नवऱ्याचा मार लिहिला नाही. तो पुढं, पुस्तक इंग्रजीत जाताना, मुलाखतीत सांगितला. आणि आपण समाजाचं दुःख लिहीत होतो म्हणून स्वतःचं ठेवलं बाजूला, असं त्यांचं म्हणणं. लिहिलेलं सुद्धा त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. समाजासाठी बाईने स्वतःची पाठ झाकून ठेवली, आणि समाजाने म्हणजे आपण ती झाकलेलीच बरी म्हणालो. १९८४ ला मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. पॅंथरच्या घरातून आलं. तेव्हा चळवळीतल्या किती जणांनी ते वाचून स्वतःच्या घराकडे मान वळवली, आणि किती जणांनी ते चळवळीच्या बदनामीचं पुस्तक म्हणून बाजूला सारलं? नामदेव ढसाळांची कविता माझ्या उशाला आहे, ती तिथंच राहील. त्याच उशाला हे पुस्तकही राहील. दोन्ही एकदम सोसायची ताकद नसेल तर आपल्याला क्रांती पेलणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याला मी मान देतो. पोलीस आपल्या पोरांना आधीच उठसूट उचलतात. आता आपणच आपली माणसं त्यांच्या हाती द्यायची? भीती खोटी नाही. पण २००५ च्या कायद्यात अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो आणि मागणं संरक्षणाचं, घराचं, खर्चाचं असतं. नवऱ्याला तुरुंग लागतो तो कोर्टाचा संरक्षणाचा आदेश मोडला तर, एक वर्षापर्यंत. छळाचं फौजदारी कलम वेगळं, १९८३ ला आलेलं ४९८ अ, जे १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ८५-८६ झालं. कुठला रस्ता धरायचा ते बाई ठरवेल. बऱ्याच बायांना नवरा तुरुंगात नको असतो. त्यांना मार बंद व्हायला हवा असतो आणि छप्पर हवं असतं. हे मिळवून देण्यात कुठल्या जातीचा विश्वासघात होतो ते मला कुणी समजावून सांगावं.

आपण गेलो नाही म्हणून जागा रिकामी राहत नाही. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम निघाली. हेतू चांगला असेल. पण तंटे मिटले की गावाला बक्षीस, मग मिटवायची घाई. बाईला नांदायला पाठवलं की एक तंटा मिटला! मोहिमेचा जोर ओसरला, मिटवायची सवय राहिली. त्या बैठकीत पाटील बसणार, सरपंच बसणार, आणि आपली बाई खाली. एका बाजूला आपले विहारातले पंच, दुसऱ्या बाजूला गावचे पंच. या दोघांच्या मधून निसटून ती जिथं जाते ती जागा म्हणजे हे असलं केंद्र. ते बऱ्याचदा सवर्ण बायांनी काढलेलं असतं. पुण्यात १९८२ ला मंजुश्री सारडाच्या मृत्यूनंतर ज्या बाया रस्त्यावर आल्या त्यांतून नारी समता मंच उभा राहिला. १९८४ ला टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात बायांसाठी विशेष कक्ष उघडला, तो पुढं राज्यभर गेला. त्यांनी दार उघडलं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्या दारात आपल्या बाईला आधी आडनाव विचारणारी एखादी मॅडम भेटते, 'तुमच्यात असं असतंच ना' म्हणणारी भेटते, शिलाई मशीन देऊन फोटो काढणारी तर हमखास भेटते. पण बाहेर उभं राहून नुसत्या शिव्या घातल्या म्हणून ती मॅडम सुधारत नाही. आत जाऊन टेबलाशी बसलेलं आपलं माणूस दिसलं की आडनावाचा प्रश्न आपोआप गिळला जातो, हे मी बघितलंय.

आणि हे धर्मादायाचं काम, क्रांतीचं नव्हे, असं जे पोथीवाले म्हणतात त्यांनी १८६३ आठवावं. जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कुणासाठी? फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. ज्यांच्या जातीने शेणगोळे मारले त्यांच्या लेकींची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. त्याला कुणी धर्मादाय म्हणत नाही. आपल्याच आईबहिणींसाठी झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं तर आपली क्रांती बाटते?

मुंबई-पुण्यातल्या पोरांना तर सबब नाही. तुमच्या आज्या दुष्काळात याच बाजूने तिकडं गेल्या. बेंबळीच्या बाईला धाराशिव गाठायला एक रोज मोडावा लागतो; तुमच्या शेजारणीला वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात 'दिलासा' केंद्र आहे, तसली केंद्रं मुंबईच्या आणखी महापालिका रुग्णालयांत आहेत, पोलिसांकडचे विशेष कक्ष आहेत. तिथं जा, विचारा काय उचलू. पहिले दोन महिने कुणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवू पण नये. पुरुष आहात. फायली लावायला सांगतील, लावा.

आमच्याकडं मागल्या महिन्यात एक पोरगं नवीन आलं, बी.ए. झालेलं, तडफदार. त्याने विचारलं, गळ्यात निळा रुमाल असावा का? काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, ठाण्यात माझ्याबरोबर येशील तेव्हा असू दे, तिच्या गल्लीत जाशील तेव्हा खिशात ठेव, शेजारपाजारचे विचारतील कुणाकडं आलास. त्याला ते पटायला वेळ लागला. आता तो शाळांमधून दाखल्याच्या नकला आणून देतो. मोटारसायकल त्याचीच, पेट्रोल संस्था देते, तेही महिन्याच्या वीस तारखेनंतर संपतं. तेवढं पेट्रोल आणि आठवड्यातून एक दिवस ज्याच्याकडे असेल त्याने कळवावं.